हात मोडणारा डाव रोज कसा शिकतात?

मुलाला किंवा मुलीला ज्युदोच्या वर्गात घालायचं ठरलं, की घरात एक प्रश्न हमखास निघतो. तिथे म्हणे हात मुरगळायला आणि गळा आवळायला शिकवतात. डाव खरोखर लावला तर हात मोडणार. खरोखर लावलाच नाही, तर तो येतो की नाही हे कळणार कसं? मग ही मंडळी रोज दोन-दोन तास मॅटवर करतात तरी काय?

प्रश्न रास्त आहे. ठोसे मारणारा वाळूच्या पिशवीवर हवे तेवढे ठोसे मारू शकतो, नेमबाजाला लक्ष्याचा कागद पुरतो. सांध्याचा डाव मात्र जिवंत माणसाच्या सांध्यावरच शिकावा लागतो, आणि तो माणूस उद्या पुन्हा सरावाला यायला हवा. हे कसं साधलं, ते या प्रकरणात पाहू. थोडा इतिहास आहे, थोडं शरीरशास्त्र आहे, आणि शाळेत शिकलेला तरफेचा नियमही लागणार आहे.

१. जिंकण्याच्या दोन रीती

आपल्या तालमीतली कुस्ती चितपटीची. समोरच्याचे दोन्ही खांदे मातीला टेकवले की निकाल लागला. त्याला दुखलं का, तो शरण आला का, हे कुणी विचारत नाही. पाठ लागली, कुस्ती संपली.

दुसऱ्या रीतीत शेवट शरणागतीने होतो. अशी पकड घालायची की समोरच्याला हात सोडवता येत नाही किंवा रक्तपुरवठा थांबत आल्याचं जाणवतं, आणि तो स्वतःहून 'पुरे' म्हणतो. जपानचा ज्युदो, त्यातून निघालेलं ब्राझिलियन जिऊ-जित्सू, रशियातला सॅम्बो आणि इंग्लंड-अमेरिकेतली 'कॅच' कुस्ती या सगळ्यांत अशा पकडी आहेत. ज्युदोत फेकून किंवा जमिनीवर दाबून धरूनही जिंकता येतं. जिऊ-जित्सूत मात्र सगळा रोख शरणागतीवर.

या पकडी मुख्यतः दोन जातींच्या. एका जातीत सांधा त्याच्या मर्यादेच्या टोकाशी नेऊन अडकवतात, दुसरीत मानेवर दाब देतात. दोन्हींचे धोके वेगळे आणि सांभाळण्याच्या रीतीही वेगळ्या, म्हणून त्या वेगवेगळ्या पाहू. त्याआधी एका माणसाला भेटायला हवं.

२. कानो यांनी काय बाजूला ठेवलं

१८८२ साली तोक्योच्या एइशोजी या बौद्ध मंदिरात, बारा ताटामी चटयांच्या खोलीत, २१ वर्षांच्या जिगोरो कानो यांनी शिकवायला सुरुवात केली. त्या शाळेचं नाव कोडोकान, आणि तिथे जे शिकवलं जाई तो ज्युदो. कानो पेशाने शिक्षक होते. त्याआधी ते जुजुत्सूच्या दोन जुन्या शाखांमध्ये तयार झाले होते.

जुजुत्सूतले कितीतरी डाव रणांगणातून आलेले, म्हणजे माणूस निकामी करण्यासाठीच घडवलेले. ते जोडीदारावर पूर्ण ताकदीने लावता येत नसत. म्हणून ते 'काता'तून शिकवत: एकाने ठरलेला हल्ला करायचा, दुसऱ्याने ठरलेलं उत्तर द्यायचं. हालचाल सुबक होते, पण समोरचा खरोखर विरोध करू लागला तर काय होईल, हे त्यातून समजत नाही.

कानो यांनी भर दिला तो 'रांदोरी'वर, म्हणजे दोघांनीही मोकळेपणाने, आपापल्या मनाने डाव टाकायच्या सरावावर. त्यासाठी जे मोकळ्या सरावात बसत नाही ते बाजूला काढावं लागलं. ठोसे आणि लाथा कातापुरत्या राहिल्या. सांध्यांच्या डावांतले मनगट, बोटं, गुडघा, घोटा यांच्यावरचे डाव टप्प्याटप्प्याने स्पर्धेतून गेले आणि उरलं एकटं कोपर. आजही ऑलिंपिकच्या ज्युदोत सांध्याचा डाव फक्त कोपरावर लावता येतो.

यात काही गमावलं असं वाटेल. माझं मत उलट आहे: या वगळण्यामुळेच डाव खरे झाले. जो डाव जोडीदार पूर्ण ताकदीने अडवत असताना हजारदा लावून पाहता येतो, तोच ऐनवेळी हातात असतो. अतिघातक म्हणून कधीच लावून न पाहिलेला डाव शिकणाऱ्याच्या वहीत राहतो. सुरक्षितता इथे शिकण्याची अटच आहे. दर महिन्याला एक जोडीदार जायबंदी करणाऱ्याकडे वर्षअखेरीस सरावाला माणूस उरणार नाही.

३. कोपर आणि हापसा

आता पहिला डाव. जपानीत 'जुजी-गातामे', जगभरच्या वर्गांत 'आर्मबार'. दोघेही जमिनीवर. समोरचा पाठीवर पडलेला. डाव लावणारा त्याला आडवा झोपतो, आपले दोन्ही पाय त्याच्या छातीवरून आणि चेहऱ्यावरून टाकतो, त्याचा एक हात आपल्या मांड्यांमध्ये सरळ धरतो, अंगठा वर. आता कंबर वर उचलली की कोपर उलट्या दिशेला वाकायला लागतं.

कोपर हा बिजागरीचा सांधा. एका दिशेला भरपूर मिटतो, दुसऱ्या दिशेला हात सरळ झाला की थांबतो. त्यापुढे तो जाऊ नये म्हणून हाडांची ठेवण आड येते आणि अस्थिबंध ताणले जातात. अस्थिबंध म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारे चिवट पट्टे, ज्यांना बोलताना आपण लिगामेंट म्हणतो. आर्मबारचा सगळा जोर या पट्ट्यांवर येतो.

एवढ्याशा माणसाला एवढ्या दांडगटाचा हात सरळ करता येतो कसा? गावातला हापसा आठवा. लांब दांड्याच्या टोकाला शाळकरी मूलही लोंबकळून पाणी काढतं, पण दांडा आसाजवळ धरला तर मोठ्या माणसालाही तो हलत नाही. आर्मबारमध्ये समोरच्याचा हात हाच दांडा आणि डाव लावणाऱ्याची कंबर हा आस.

आकड्यांत मांडून पाहू. कोपरापासून मनगटापर्यंत २५ सेंटीमीटर धरू. डाव लावणारा मनगटाला १० किलो वजनाइतका जोर देतो. कोपराभोवतीचा फिरवणारा परिणाम २५ गुणिले १०, म्हणजे २५०. आता समोरचा हात वाकलेला ठेवायला धडपडतो. त्याचा दंडाचा स्नायू कोपराच्या सांध्यापासून साधारण ५ सेंटीमीटरवर हाडाला जोडलेला असतो. तेच २५० रोखायचे तर स्नायूला २५० भागिले ५, म्हणजे ५० किलोइतका जोर लावावा लागतो. आणि डाव लावणारा काही १० किलोवर थांबत नाही. त्याचे दोन्ही हात, पाठ आणि कंबर कामाला लागलेली असतात. एकट्या दंडाने हे फार वेळ रोखता येत नाही.

यातून सुरक्षिततेचा पहिला नियम निघतो. दांडा लांब आहे, त्यामुळे मनगटापाशी फार कमी जोरात कोपरापाशी फार मोठा परिणाम होतो. शिकणाऱ्याला आपण किती जोर लावतो आहोत याचा अंदाज नेहमी कमीच येतो. म्हणून चांगले प्रशिक्षक आधी गुडघे आवळून हात नीट पकडायला लावतात आणि शेवटची कंबरेची उचल इंचाइंचाने करायला लावतात. सगळ्यात वाईट सवय म्हणजे हात हाती लागला की मागच्या मागे स्वतःला झोकून देणं. तेव्हा जोर स्नायूंचा उरत नाही, सगळ्या शरीराच्या वजनाचा होतो, आणि तो मध्येच आवरता येत नाही.

४. अर्धा सेकंद

'हळू करा' हे प्रत्येक वर्गात सांगतात. हळू म्हणजे किती हळू, याचं उत्तर साध्या गणितातून मिळतं.

शरण जायचं असेल तर जोडीदाराच्या अंगावर किंवा मॅटवर हाताने दोनदा-तीनदा थापटायचं. याला सगळे 'टॅप' म्हणतात. ज्युदोत तोंडाने 'माइत्ता' म्हटलं तरी चालतं. आता क्रम पाहा. समोरच्याला ताण जाणवतो, तो ठरवतो, हात हलवतो; डाव लावणाऱ्याला थाप जाणवते, तो जोर सोडतो. दोघांच्या मज्जासंस्थांना वेळ लागतो. सगळं मिळून अर्धा सेकंद धरू.

समजा, कोपर सरळ व्हायला ३० अंश बाकी आहेत. डाव लावणाऱ्याने ते तीन सेकंदांत पार करायचं ठरवलं, तर वेग झाला सेकंदाला १० अंश. टॅप पोहोचायच्या अर्ध्या सेकंदात हात ५ अंश पुढे जातो. समोरच्याने सरळ व्हायच्या थोडं आधी टॅप केला असेल तर काहीच बिघडत नाही. आता तेच ३० अंश अर्ध्या सेकंदात ओढले. वेग सेकंदाला ६० अंश. टॅपचा निरोप पोहोचेपर्यंत हात ३० अंश पुढे गेलेला असतो, म्हणजे समोरच्याने पहिल्या क्षणाला शरणागती दिली तरी ती उशिराच पोहोचते.

हे गणित समजलं की दोघांची जबाबदारी कशी वाटली जाते तेही समजतं. डाव लावणाऱ्याने जोडीदाराला टॅप करायला वेळ द्यायचा. डावात सापडलेल्याने दुखेपर्यंत थांबायचं नाही; सुटका नाही हे कळलं की टॅप. टॅप मॅटवर करण्यापेक्षा जोडीदाराच्या अंगावर केलेला बरा, कारण गोंगाटात मॅटचा आवाज ऐकू येत नाही, अंगावरची थाप जाणवते. दोन्ही हात अडकले असतील तर पायाने थापटायचं किंवा मोठ्याने 'टॅप' ओरडायचं. आणि टॅप जाणवला की पूर्ण सोडायचं. थोडं सैल करून 'खरंच केलास का' म्हणून वाट पाहायची नाही. शंका आली तरी सोडायचं. सराव पुन्हा सुरू करता येतो.

५. मारकाना आणि कराची

टॅप केला नाही तर काय होतं, याची दोन प्रसिद्ध उदाहरणं आहेत आणि दोन्हींत डाव एकच आहे.

हा डाव खांद्याचा. समोरच्याचा हात कोपरात काटकोनात वाकवायचा, एका हाताने मनगट धरायचं, दुसरा हात त्याच्या दंडाखालून घालून आपलंच मनगट पकडायचं, आणि त्याचा तळहात पाठीकडे वर फिरवायचा. खांदा हा उखळीचा सांधा, पण उखळ फार उथळ. म्हणून हात चहूकडे फिरतो, आणि म्हणूनच शरीरातल्या मोठ्या सांध्यांपैकी खांदाच सर्वांत जास्त वेळा निखळतो. इथे वाकलेला पुढचा हात दांड्यासारखा वापरून दंडाचं हाड उखळीत पिळलं जातं. पीळ वाढत गेला तर सांधा सुटतो किंवा हाडच मोडतं.

२३ ऑक्टोबर १९५१ रोजी रिओ दि जानेरोच्या मारकाना मैदानावर जपानचे मासाहिको किमुरा आणि ब्राझीलचे एलिओ ग्रेसी समोरासमोर आले. किमुरा हे त्या काळातले सर्वांत दबदब्याचे ज्युदोपटू. एलिओ ३८ वर्षांचे, अंगाने किरकोळ, आणि ब्राझीलमध्ये जिऊ-जित्सू रुजवणाऱ्या घराण्यातले. दुसऱ्या फेरीत किमुरांनी हा डाव लावला. एलिओंनी शरणागती दिली नाही. हात मोडला, तरी दिली नाही. शेवटी त्यांचे थोरले भाऊ कार्लोस यांनी टॉवेल टाकून लढत थांबवली. पुढे जिऊ-जित्सूवाल्यांनी या डावाला जिंकणाऱ्याचं नाव दिलं. आज जगातल्या कुठल्याही वर्गात त्याला 'किमुरा' म्हणतात. हरलेल्या घराण्याच्या विद्येने विजेत्याचं नाव असं जपून ठेवावं, हे मला त्या लढतीइतकंच मोठं वाटतं.

दुसरं उदाहरण आपल्या कुस्तीच्या जवळचं आहे. डिसेंबर १९७६ मध्ये कराचीत जपानचे आंतोनियो इनोकी आणि अक्रम पहलवान यांची लढत झाली. अक्रम हे गामा पहलवानांचे पुतणे. गामांचं नाव महाराष्ट्रातल्या तालमींत आजही आदराने घेतात. इनोकींनी हाच खांद्याचा डाव लावला. 'कॅच' कुस्तीत त्याला 'डबल रिस्टलॉक' म्हणतात. अक्रम यांनी शरणागती दिली नाही आणि त्यांच्या हाताला गंभीर इजा होऊन लढत थांबली. अक्रम ज्या मातीत वाढले तिथे पाठ लागली की कुस्ती संपते. हात थापटून शरण जायची रीतच त्या खेळात नाही. ते का थांबले नाहीत याचं हे एकमेव कारण असेलच असं नाही. पण शरण जाणं हे शिकवावं लागतं, त्याची सवय अंगात मुरवावी लागते, एवढं त्यातून नक्की दिसतं.

या कहाण्या वर्गांत शौर्यकथा म्हणून सांगितल्या जातात. भरलेल्या मैदानात, घराण्याच्या नावासाठी कुणी हात पणाला लावला तर तो त्याचा निर्णय. मंगळवारच्या सरावात तोच हट्ट करणारा मात्र आपला हात तर घालवतोच, शिवाय ज्याने डाव लावला त्याच्या मनावर आयुष्यभराचा भार टाकतो.

६. दुखणं हे मोजमाप नव्हे

जून २००४ मध्ये लास वेगासला फ्रँक मीर आणि टिम सिल्व्हिया या मिश्र मार्शल आर्ट्सच्या खेळाडूंची लढत होती. मीर यांनी आर्मबार लावला आणि पंच हर्ब डीन यांनी एकदम लढत थांबवली. सिल्व्हिया चिडले, आपल्याला काहीही झालेलं नाही, लढू द्या, असं सांगू लागले. प्रेक्षकही पंचांवर ओरडले. नंतर तपासणीत दिसलं की सिल्व्हियांच्या हाताचं हाड मोडलं होतं. ज्याचा हात मोडला तो काही झालं नाही म्हणत होता. पंचांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

झटापटीत शरीरात ॲड्रेनलिन वाढलेलं असतं आणि वेदना मागे ढकलली जाते. त्यात प्रत्येक सांध्याचा स्वभाव वेगळा. कोपर बरंच आधी बजावतं. गुडघा बजावतोच असं नाही.

'हील हुक' नावाच्या डावात समोरच्याची टाच कोपराच्या बेचक्यात धरून पाऊल पिळतात. बघणाऱ्याला वाटतं दुखणार ते घोट्याला. पण घोटा थोडा फिरून थांबतो आणि पीळ नडगीच्या हाडातून वर गुडघ्यात जातो. गुडघा मुळात पुढे-मागे मिटण्यासाठी. वाकलेला असताना तो किंचित फिरतो, त्यापलीकडे फिरण्याची सोय त्यात नाही. आतले अस्थिबंध आणि कूर्चेची गादी हा पीळ सोसतात. इथे 'आता दुखायला लागलं' आणि 'आता तुटलं' यांत फार थोडं अंतर असतं, कधी नसतंच. आणि अस्थिबंधांना रक्तपुरवठा तुटपुंजा असल्याने ते हाडासारखे पटकन भरून येत नाहीत. गुडघ्याच्या मधला मुख्य अस्थिबंध तुटून शस्त्रक्रिया करावी लागली, तर खेळात परतायला साधारण नऊ महिने ते वर्ष जातं.

म्हणून नियम इथे फार कडक आहेत. ज्युदोच्या स्पर्धेत पायाच्या सांध्यांवरचे डाव नाहीतच. ब्राझिलियन जिऊ-जित्सूच्या मुख्य आंतरराष्ट्रीय महासंघाने हील हुकला परवानगी दिली ती २०२१ साली. तीही फक्त तपकिरी आणि काळ्या पट्ट्याच्या प्रौढांना आणि फक्त गणवेशाची जाड जाकिटं नसलेल्या लढतींत. सॅम्बोच्या क्रीडाप्रकारात पायाचे डाव चालतात, पण गळा आवळणं चालत नाही. ज्युदोत गळा चालतो, पाय चालत नाहीत. धोक्याची रेषा कुठे ओढायची हे प्रत्येक विद्येने आपापल्या अनुभवाने ठरवलं आहे.

नवशिक्याने लक्षात ठेवायचं ते एवढंच: टाच सापडली की टॅप. दुखण्याची वाट पाहायची नाही आणि घाबरून उलट गिरकी घ्यायची नाही. चुकीच्या बाजूची गिरकी जोडीदाराने लावलेल्या पिळात आपल्याच शरीराचा जोर मिळवते.

७. गळा

पालकांची सर्वांत मोठी धास्ती इथे असते, आणि ती असायलाही हवी.

मानेत दोन वेगळ्या गोष्टी दाबल्या जाऊ शकतात. समोर, मधोमध श्वासनलिका. दोन्ही बाजूंना कॅरोटिड रोहिण्या, ज्यांतून मेंदूकडे बरंचसं रक्त जातं. श्वासनलिका दाबली तर खूप दुखतं, खोकला येतो, घशातली कूर्चा दुखावू शकते. शिकवतात तो डाव दोन्ही बाजूंच्या रोहिण्यांवरचा. मागून हात गळ्याभोवती घालून कोपराचं टोक हनुवटीखाली, बरोबर मध्यावर आणतात, म्हणजे समोर पोकळी राहते आणि दाब दंडाचा व मनगटाकडच्या हाताचा दोन्ही बाजूंना पडतो. ज्युदोत याला 'हदाका-जिमे' म्हणतात.

हा दाब नीट बसला तर लागणारा जोर आश्चर्य वाटावं इतका कमी असतो, आणि साधारण दहा सेकंदांच्या आसपास शुद्ध हरपते. वेदना नसते म्हटलं तरी चालेल, आणि धोका नेमका तिथेच आहे. इथली धोक्याची सूचना वेगळी: डोक्यात दाब वाढल्यासारखं वाटणं, कानात गुणगुण, नजर कडेने काळवंडणं. यातलं काहीही जाणवलं की टॅप. आणि डाव लावणाऱ्याने टॅपवर विसंबून राहायचं नाही. जोडीदाराचे हातपाय एकदम सैल पडले किंवा घोरल्यासारखा आवाज आला, तर तो बेशुद्ध झाला आहे. त्याच क्षणी सोडायचं. बेशुद्ध माणूस टॅप करू शकत नाही.

शुद्ध हरपलीच तर काय करायचं? दाब काढायचा, पाठीवर आडवं करायचं, कॉलर आणि पट्टा सैल करायचा, श्वास चालू आहे ना ते पाहायचं, पाय जरा वर उचलून धरायचे. उलटी होत असेल तर कुशीवर वळवायचं. तोंडावर पाणी मारायचं नाही, गालावर चापट्या मारायच्या नाहीत, उठवून बसवायचं नाही. बहुतेक जण काही सेकंदांतच डोळे उघडतात. अर्ध्या मिनिटात शुद्ध आली नाही किंवा श्वास दिसत नसेल तर १०८ ला फोन करायचा आणि श्वास नसल्यास छातीवर दाब द्यायला लगेच सुरुवात करायची. शुद्धीवर आलेल्याला त्या दिवशी पुन्हा मॅटवर उतरू द्यायचं नाही, तो कितीही ठणठणीत आहे म्हणाला तरी.

क्वचित होणारी पण फार गंभीर अशी एक इजा सगळ्यांनी माहीत करून घ्यायला हवी. मानेवरच्या दाबाने किंवा झटक्याने रोहिणीच्या आतल्या अस्तराला चीर पडू शकते. तिथे रक्ताची गुठळी तयार होऊन मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. लक्षणं कधी काही तासांनी, कधी काही दिवसांनी दिसतात: मानेच्या एकाच बाजूला नवं, न थांबणारं दुखणं, विचित्र डोकेदुखी, एक पापणी खाली येणं, बोबडं बोलणं, एका हातातली शक्ती जाणं. असं काही दिसलं तर थेट रुग्णालयात जायचं आणि गळ्याचा सराव केला होता हे डॉक्टरांना सांगायचं. लोक हे विसरतात आणि मान आखडली म्हणून मलम चोळत बसतात. ज्यांना उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा फिट्सचा त्रास आहे, त्यांनी गळ्यावर दाब घेऊच नये. हात गळ्याभोवती बसला की टॅप करावा आणि जोडीदाराला हे आधीच सांगून ठेवावं.

८. शिकण्याचा क्रम

चांगल्या वर्गात पहिले काही आठवडे शरणागतीचा डाव जवळजवळ येतच नाही. आधी पडायला शिकवतात. मग वर बसून कसं टिकायचं, खालून कसं निसटायचं. जोडीदार पूर्ण काबूत नसताना डाव ओढला की धक्के बसतात, आणि सांध्यांना इजा होते ती बहुतेक धक्क्यांनीच. काबू पक्का असेल तर शेवटची उचल हळू करायला वेळच वेळ असतो. म्हणून ज्याला डाव सावकाश लावता येतो त्याला तो आला आहे, असं मी मानते.

पुढची पायरी 'पकडा आणि सोडा' ही. मोकळ्या सरावात डाव बसला की तो पूर्ण न करता तिथेच सोडायचा आणि पुढे खेळत राहायचं. दोघांनाही कळलेलं असतं की डाव लागला होता. त्याच पाच मिनिटांत तो पुन्हा दोन-तीनदा लावायची संधी मिळते, आणि जोडीदारालाही सुटायचे मार्ग शोधता येतात. अनुभवी माणूस नवशिक्यावर असंच खेळतो. नवशिक्याच्या हातून मात्र उत्साहात जोर जास्त लागतो, म्हणून त्याची जोडी सुरुवातीला जाणत्याशी लावतात. दोन नवशिके एकत्र सोडणं हा आयोजकाचा निष्काळजीपणा आहे.

मुलांच्या बाबतीत एक वेगळं कारण लक्षात घ्यावं लागतं. वाढत्या हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक थर असतो. हाड तिथून लांब होतं. तो थर किशोरवयाच्या अखेरीपर्यंत हाडात मिळून जातो. तोवर तो आजूबाजूच्या अस्थिबंधांहून कच्चा असतो. ज्या ओढीने मोठ्याचा सांधा नुसता मुरगळेल, त्याच ओढीने मुलाच्या हाडाची वाढ बिघडू शकते. म्हणून लहान मुलांना फेकणं, दाबून धरणं आणि निसटणं शिकवावं. गळ्याचे आणि सांध्यांचे डाव शिकायला पुढे भरपूर वर्षं आहेत. काही मुलांचे सांधे मुळातच फार लवचीक असतात, कोपर सहज उलटं वाकतं. त्यांना ताण उशिरा जाणवतो. अशा मुलांची नोंद प्रशिक्षकाकडे हवी.

आणि हे सगळं घरी, गादीवर, मोबाइलवर व्हिडिओ पाहून करायचं नाही. व्हिडिओत हात कुठे ठेवायचा ते दिसतं, किती जोर लावायचा ते दिसत नाही.

वर्ग निवडताना नाव नोंदवण्यापूर्वी एक पूर्ण सराव बसून पाहावा. टॅप झाला की हात लगेच सुटतो का? टॅप करणाऱ्याला कुणी हिणवतं का? वजनात मोठा फरक असलेल्या जोड्या कशा खेळतात? कुणी 'आज खांदा दुखतोय' म्हटलं तर प्रशिक्षक काय करतात? मग त्यांना सरळ विचारावं, की गेल्या वर्षभरात इथे कुणाला इजा झाली, आणि त्यानंतर तुम्ही काय बदललंत. 'आमच्याकडे कधी कुणाला काही होत नाही' हे उत्तर मिळालं तर दुसरा वर्ग पाहावा. 'एकाचा खांदा दुखावला, तेव्हापासून तो डाव पहिल्या वर्षी शिकवत नाही,' असं कुणी सांगितलं, तर तिथे फी भरायला हरकत नाही.